कारखान्यातील पंखा व त्याची मोटार : निगा आणि वंगण

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागाचे कारखाने असोत, बेकरीची भट्टी असो किंवा भात्याच्या जागी आलेला लोहाराचा ब्लोअर असो, पंख्याशिवाय काम चालत नाही. तरीही कारखान्यात सर्वांत दुर्लक्षित यंत्र कोणते असेल तर ते पंखाच. मागाला वेळच्या वेळी तेल मिळते, कारण माग थांबला की कमाई थांबते. भिंतीत उंचावर बसविलेल्या पंख्याची आठवण मात्र मोटार जळाल्यावरच होते. मग रिवाइंडिंगचा खर्च येतो आणि तोवर कारागिरांना उकाड्यात व सुताच्या धुळीत काम करावे लागते. थोड्याशा नियमित निगेने हे टळू शकते. ती कशी राखावी, याचा विचार या लेखात करू.

मोटार का जळते?

मोटारीच्या तारांवर इन्सुलेशनचा थर असतो. तो उष्णतेने हळूहळू कडक होतो व तडकतो. सर्वसाधारण नियम असा की, वाइंडिंगचे तापमान सोसण्याच्या मर्यादेपेक्षा 10 अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे मोटार एका दिवसात जळत नाही. ती कित्येक महिने भाजत असते. तिला तापविणारी कारणे मुख्यतः चार आहेत : कोंदलेली धूळ, बिघडलेले बेअरिंग, वाजवीपेक्षा जास्त भार आणि विजेच्या पुरवठ्यातील दोष.

आधी सुरक्षितता

पंख्याला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, फ्यूज काढून काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावा व स्विचवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. वीज गेली आहे तेवढ्यात सफाई उरकून घेऊ, असे कधीही करू नये. स्विच चालू राहिला असेल तर वीज येताच पाती फिरू लागतात आणि बोटे जातात. वाऱ्यानेही पाती फिरतात, म्हणून ती दोरीने बांधून घ्यावीत.

सफाई

बंदिस्त मोटारीच्या मागच्या टोपणाखाली एक लहान पंखा असतो व अंगावर उभे पन्हाळे असतात. मोटार थंड राहते ती यांच्यामुळेच. टोपणाच्या जाळीवर सुताचे तंतू साचले की मोटारीने गोधडी पांघरल्यासारखे होते. ही जाळी यंत्रमागाच्या खात्यात दर आठवड्यास ब्रशने साफ करावी. सुताचे तंतू चटकन पेट घेतात. तापलेल्या मोटारीवर त्यांचा थर असणे म्हणजे आगीला आमंत्रणच.

पात्यांवर धूळ व तेलाचे किटण सारखे बसत नाही. एक पाते जड झाले की पंखा थरथरतो आणि तो हादरा बेअरिंगला बसतो. म्हणून सर्व पाती एकाच वेळी, पूर्ण साफ करावीत. वाकलेले पाते अंदाजाने ठोकून सरळ करू नये. तोल आणखी बिघडतो.

बेअरिंग ओळखावे

बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचता आला पाहिजे. 6204 मधील शेवटच्या 04 ला 5 ने गुणले की आतील भोक 20 मि.मी.; 6205 चे 25 मि.मी. हा हिशेब 04 पासून पुढे लागू पडतो. क्रमांकापुढे ‘झेड झेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे असतात. ‘टू आर एस’ असेल तर रबराची. ही बेअरिंगे कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात. ती रॉकेलने धुऊ नयेत व उघडून ग्रीस भरू नये. आवाज करू लागली की बदलावीत. ‘सी 3’ म्हणजे आतील मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. जुन्यावर हे चिन्ह असेल तर नवेही तसेच घ्यावे.

नवे बेअरिंग शाफ्टवर चढविताना ठोका आतल्या कड्यावरच बसला पाहिजे. त्या मापाच्या नळीचा तुकडा कड्यावर टेकवून सावकाश ठोकावे. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की गोळ्यांचे वण खाचेत उमटतात व नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून कुरकुरते.

ग्रीस किती?

ग्रीसचे निप्पल असलेल्या मोटारीत बहुतेकांची चूक कमी ग्रीसची नसून जास्त ग्रीसची असते. बेअरिंगमधील मोकळ्या जागेचा एक तृतीयांश ते निम्मा भाग भरलेला पुरतो. ठासून भरल्यास ग्रीस घुसळले जाऊन तापते, पातळ होते आणि वाइंडिंगवर उतरते.

पुन्हा भरताना हिशेब सोपा आहे. बेअरिंगचा बाहेरील व्यास व रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा व त्याला 0.005 ने गुणावे. उत्तर ग्रॅममध्ये येते. 6306 चा व्यास 72 व रुंदी 19 आहे, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम. आपल्या गनच्या एका दाबात किती ग्रीस निघते हे पाहण्यासाठी कागदावर दहा दाब टाकून वजन करावे व दहाने भागावे.

निप्पल आधी पुसावे, नाहीतर धूळ आत जाते. खालचा निचऱ्याचा बूच काढावा, ग्रीस थोडे थोडे भरत शाफ्ट हाताने फिरवावा. नंतर बूच उघडाच ठेवून मोटार दहा-पंधरा मिनिटे चालवावी, म्हणजे जादा ग्रीस बाहेर येते. मग मोटार बंद करून बूच लावावा. लिथियम ग्रीस असेल तर तेच वापरावे. निरनिराळ्या जातींची ग्रीसे मिसळली की पुष्कळदा दोन्हींचा गुण जातो.

लहान पंख्यात गोळ्यांऐवजी बुश असतो. त्याला ग्रीस नव्हे, शिलाई मशिनच्या तेलासारख्या पातळ तेलाचे दोन-चार थेंब द्यावेत. खोबरेल तेल थंडीत थिजते व पुढे चिकट होते. ते वापरू नये.

पट्टा, वेग व दिशा

पट्टा फार ताणला की बेअरिंग जाते. सैल राहिला की घसरून जळतो. दोन पुलींमधील अंतर एक मीटर असेल तर मध्यभागी दाबल्यावर पट्टा साधारण 16 मि.मी. दबला पाहिजे. तीन पट्टे असतील तर एकाच वेळी तिन्ही बदलावेत.

जास्त हवा मिळावी म्हणून पुली बदलण्याचा मोह आवरावा. वेग 10 टक्के वाढविला तर हवा 10 टक्केच वाढते, पण मोटारीवरील भार सुमारे 33 टक्के वाढतो.

रिवाइंडिंगनंतर दिशा अवश्य पाहावी. भिंतीतील पात्यांचा पंखा उलटा फिरला तर हवा बाहेर न जाता आत येते. भट्टीचा ब्लोअर मात्र उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून देतो, फक्त बरीच कमी. मग मालक मोटारीला दोष देतो. थ्री फेज जोडणीतील कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा सुधारते.

विजेचे दोष

तीनपैकी एक फेज गेला की मोटार गुरगुरते, तापते व थोड्याच वेळात जळते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरइतकाच लावावा. सिंगल फेज प्रिव्हेंटर रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो. फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपविणे. सिंगल फेज पंखा मंद झाला असेल तर प्रथम कपॅसिटर तपासून त्याच मापाचा घालावा.

वेळापत्रक

रोज : आवाज, थरथर व वास यांकडे लक्ष.
दर आठवड्यास : जाळी व मोटारीचे अंग साफ करणे.
दर महिन्यास : पाती, बोल्ट, पट्टा व जोडण्या तपासणे, बुशाला तेल.
दर सहा महिन्यांनी : निप्पल असेल तेथे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ग्रीस. पावसाळ्याआधी व नंतर मेगरने इन्सुलेशनची तपासणी. 1 मेगओमच्या खाली आल्यास मोटार वाळविल्याशिवाय चालवू नये.

बेअरिंग, ग्रीस व मोटारीचे अँपिअर यांची तारखेसह नोंद ठेवावी. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक मोटारीच्या नावे एक पान राखले, तर कोणती मोटार वारंवार पैसे खाते व का, हे वर्षअखेरीस त्याच पानावर दिसून येईल.