लाईन आली, पण संगणक सुरू होईना : तपासायचे कोठून?



मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी रोहिणी-मृगाच्या वादळात लाईन जाणे काही नवे नाही. फांदी तारेवर पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो. दोन-तीन तासांनी लाईन येते, पंखा फिरू लागतो, पण संगणकाचे बटन दाबले तर काहीच होत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे नेमके हेच दिवस दाखले, प्रवेशाच्या याद्या आणि मुलांच्या अर्जांचे. सगळे त्या डब्यात! मग आपण घाबरून बटन दहादा दाबतो, नाहीतर डबा उचलून थेट वणी गाठतो. तेथे कोणी म्हणाले, "विंडोज नवीन टाकावी लागेल," की लगेच मान डोलावतो. येथेच खरे नुकसान होते.

आधी हे समजून घ्या

आपली माहिती हार्डडिस्कवर असते. संगणकाला वीज पुरवणारा भाग वेगळा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. तो घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज तयार करतो. लाईन परत येताना व्होल्टेज कमी-जास्त होते, तो पहिला दणका बहुतेक वेळा हाच भाग सोसतो. म्हणून संगणक सुरू होत नाही याचा अर्थ माहिती गेली असा नाही. दिवा लागला नाही म्हणून कपाटातली वही जळत नाही, तसेच हे.

भिंतीपासून आत, एकेक पायरी

एका वेळी एकच बदल करा आणि मग बटन दाबून पाहा. चार गोष्टी एकदम हलवल्या तर दोष कोठे होता ते कळत नाही.

१) भिंतीवरचा सॉकेट : त्यात मोबाईलचा चार्जर लावून पाहा. घरातले दिवे फारच मंद किंवा नेहमीपेक्षा प्रखर दिसत असतील तर संगणकाला हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. प्रखर दिवे न्यूट्रल तुटल्याची खूण असू शकते.

२) एक्स्टेंशन बोर्ड : त्याचे बटन, फ्यूज पाहा. नाहीतर त्याला बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीत लावा.

३) यूपीएस : बॅटरी पार बसली असेल तर काही यूपीएस लाईन असूनही चालू होत नाहीत. मागे फ्यूज किंवा रिसेटचे बटन असते, ते तपासा. यूपीएस वगळून संगणक चालला तर दोष सापडला.

४) पॉवर केबल : डब्यामागची केबल घट्ट दाबा. मॉनिटरची केबल बहुधा तशीच असते, अदलाबदल करून पाहा. एसएमपीएसला मागे छोटा स्विच असेल तर तो चालू आहे ना, तेही बघा.

५) साठलेली वीज : केबल पूर्ण काढा. सुरू करायचे बटन ३० सेकंद दाबून धरा. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा लावा. दणका बसला की एसएमपीएसमधील संरक्षण यंत्रणा कधीकधी त्याला बंद करून ठेवते, आतली वीज उतरल्याशिवाय ती सुटत नाही. अनेक संगणक एवढ्यानेच सुरू होतात. लॅपटॉपलाही अॅडॅप्टर काढून हेच करून पाहा.

आता काय दिसते?

दिवा नाही, पंखा नाही : बहुधा एसएमपीएस गेला, क्वचित मदरबोर्ड. भाग बदलावा लागेल, पण त्यासाठी फॉरमॅटची काहीच गरज नाही.

पंखा फिरतो, पडदा काळा : मॉनिटरची केबल पाहा. मग वीज काढून रॅम बाहेर काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि 'खट्' आवाज येईपर्यंत परत बसवा. सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

अक्षरे येतात आणि अडकते : लिहिता लिहिता वीज गेल्याने फाईलींची मांडणी बिघडलेली असू शकते. दुरुस्तीआधी माहितीची प्रत काढून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करा.

तारीख चुकीची दाखवतो : आतली बटनासारखी सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. स्वस्त काम आहे.

दोन सक्त मनाई

एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या धारित्रांत ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते, ती जिवावर बेतते. आणि दुरुस्तीला देताना डब्यावर चिठ्ठी चिकटवा : "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुतेक वेळा माहिती मिळते, फॉरमॅटनंतर ती मिळेलच असे नाही.

पुढच्या वेळेसाठी

लाईन गेली की प्लग काढा, आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून लावा. विजा चमकत असतील तर इंटरनेटची केबलही काढा. घराचे अर्थिंग तपासून घ्या. यूपीएस काम चालू ठेवायला नसून काम जतन करून नीट बंद करायला आहे. आणि दर शनिवारी महत्त्वाच्या फाईलींची प्रत पेनड्राईव्हवर घ्या. तो पेनड्राईव्ह संगणकाला लावून ठेवू नका, कपाटात ठेवा.

वर्गात असे शिकवता येईल

विद्युत परिपथाच्या पाठाला एक टॉर्च घ्या. कधी सेल उलटा घाला, कधी बल्ब सैल करा, कधी सेलवर कागदाचा तुकडा ठेवा. मुलांनी अंदाज आधी वहीत लिहावा, मग एकेक भाग तपासावा. घरी संगणक बंद पडला की तेच मूल म्हणेल, "बाबा, थांबा, आधी सॉकेट बघू." पालकहो, तेव्हा त्याला बघू द्या. सॉकेटमध्ये चार्जर मात्र तुम्ही लावा.