ओठ शिवल्यानंतर

दुभंगलेला ओठ वा टाळू घेऊन मूल जन्मले, की आईने ग्रहणात काही चिरले असेल, असा निराधार दोष तिच्याच माथी येतो. पुढे शस्त्रक्रियेने ओठ सांधला, की उपचार संपले असे घरच्यांना वाटते. टाळूची फट बाहेरून दिसत नाही ना! ती शिवल्यावरही कित्येकदा हवा नाकातून निसटते आणि ‘बाबा’चा उच्चार ‘मामा’ होतो. कानात पाणी साचल्यास ऐकूही कमी येते. १९६५ साली म्हैसूर येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत अशा मुलांवर वाचोपचार होतात. परंतु दूरच्या खेड्यातील मजुराची प्रत्येक फेरीला दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे वेगळेच. शस्त्रक्रिया विनामूल्य झाली, तरी हा खर्च चुकत नाही. म्हणूनच उच्चारांचा सराव घरी कसा करून घ्यावा, हे पालकांनाही शिकवावे लागते.