फरविरोधी जाहिरातीतील श्लेष
प्राणिहक्कांच्या प्रचारात करुणेइतकाच उपहासही प्रभावी ठरतो. १९८४ मधील ब्रिटनच्या फरविरोधी मोहिमेचे डेव्हिड बेली यांनी टिपलेले भित्तिचित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. फरचा कोट फरफटत नेणारी स्त्री आणि मागे उमटलेला रक्ताचा पट्टा, असे ते दृश्य. एका कोटासाठी ४० पर्यंत ‘डम्ब’ प्राणी लागतात, तो घालण्यास मात्र एकच पुरतो, असा सोबतच्या ओळीचा आशय. या इंग्रजी शब्दाचे ‘मुका’ व ‘मूर्ख’ असे दोन अर्थ होतात. पहिल्यातून करुण रस निष्पन्न होतो, दुसऱ्यातून निंदा. परंतु स्त्रीला हिणवताना ‘प्राणी’ हाच शब्द शिवी ठरतो. ज्यांची प्रतिष्ठा प्रस्थापित करावयाची, त्यांच्याच नावाचा अपशब्द होतो. श्लेष प्रेक्षकाला जिंकतो, पण मूळ भूमिकेस छेद देतो.