आजचा अभ्यास : आपल्यामागे कोण उभं राहील?

॥ श्रीराम समर्थ ॥



मागच्या गुरुवारी आपण दासबोधातला अकराव्या दशकाचा सहावा समास वाचला, ‘महंतलक्षण’. महंत म्हणजे माणसांची आणि कामाची जबाबदारी घेणारा. आपल्या भाषेत, सेवेत पुढे असणारा. वाचताना वाटलं, हे मोठ्या लोकांसाठी आहे. मग माझाच एक प्रसंग आठवला.

निर्मलला आमच्या गटात एक नवी सून वाचनाला बसली. शिक्षण तेलुगूत झालेलं, मराठी अक्षर लागायला तिला वेळ लागतो. एका ओवीत मी तिला तीनदा थांबवलं, तेही सगळ्यांसमोर. शेवटी पोथी माझ्याकडे ओढून मीच वाचलं. वाचन शुद्ध व्हावं एवढाच हेतू होता. पण पुढचे तीन गुरुवार ती आलीच नाही. घरी गेले तर चहा दिला आणि हळूच म्हणाली, "काकू, मला वाचता येतं. थोडा वेळ लागतो, तेवढा तुम्ही देत नाही."

त्या रात्री समास पुन्हा वाचला. समर्थांचा महंत सगळं स्वतः करत बसत नाही, तो काम सांभाळणारी माणसं घडवतो. समर्थांनीही तेच केलं. मिरजेचा मठ वेण्णास्वामींकडे सोपवला, त्या काळात एका विधवा बाईकडे! आपल्या जवळच्या इंदूर-बोधनचा मठ उद्धवस्वामींकडे. कुठे सज्जनगड, कुठे बोधन! पावलोपावली चूक काढायला समर्थ तिथे नव्हते. आधी शिकवलं, मग विश्वास टाकला. म्हणून शके १६०३ मध्ये त्यांनी देह ठेवल्यावरही काम थांबलं नाही. चाफळ-सज्जनगडाची व्यवस्था पाहणाऱ्यांत अक्कास्वामी होत्या.

आणि मी? वेळ पाळते, हिशेब चोख ठेवते, हे खरं. पण कोठीची किल्ली माझ्याकडे, प्रसादाचं प्रमाण माझ्या डोक्यात. ‘काकूंशिवाय पान हलत नाही’ असं कोणी म्हटलं की बरं वाटायचं. दोष तिथेच होता. सेवेच्या नावाखाली ‘मी’ वाढत होता.

या आठवड्यात घरात सगळ्यांनी बसून चिंतन करावं :

१. मी आजारी पडले तर माझी सेवा कोणाला येते?
२. चूक मी चारचौघांत सांगते की एकटीला?
३. गेल्या वर्षभरात मी कोणाला एक तरी काम पूर्ण शिकवलं का?

घरालाही हेच लागू आहे. सुनेला, मुलाला स्वयंपाक किंवा बाजार एकदा सोपवला की मागे उभं राहून टोकू नये.

ती आता दर गुरुवारी पहिल्या दहा ओव्या वाचते. चुका मी कागदावर टिपते आणि नंतर तिला एकटीला दाखवते. मध्येच बोलायला जीभ अजून वळवळते. तेव्हा मनात नाम घेते.

जय सद्गुरू 🙏