मंगळवारच्या वीस पोळ्या

अगं, परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "ताई, तुमच्या वाटपाच्या कामात यावंसं वाटतं, पण मला झेपेल का?" तुझा तो 'पण' माझ्या डोक्यातून जातच नाहीये. घरी चौथीतला लेक, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आठवड्यातले चार दिवस लोकलचे धक्के. एवढ्या धबडग्यात तुला अनोळखी माणसांच्या रात्रीच्या जेवणाची काळजी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. बस जरा, चहा घे. सगळं नीट सांगते.

आमचं काम काय आहे ते आधी बघ. वीस-बावीस घरं आहेत आणि प्रत्येक घराचा एक वार ठरलेला आहे. त्या वारी त्या घरातून वीस पोळ्या येतात, जमलं तर सोबत सुकी भाजी. रोज तीन-चार घरांच्या मिळून साठ-सत्तर पोळ्या होतात आणि पंचवीस-तीस माणसं जेवतात. वीस पोळ्यांना साधारण साडेसहाशे ग्रॅम कणीक लागते. हात बसला की पाऊण तासाचं काम. मंगळवारी तू घरून काम करतेस ना, मग तोच वार तुझा.

हे डबे परळला जातात. टाटा, केईएम, वाडिया, सगळी मोठी रुग्णालयं तिथे एकमेकांच्या हाकेवर आहेत. केईएम १९२६ पासूनचं, टाटा १९४१ पासूनचं, म्हणजे कितीतरी पिढ्या माणसं उपचारांसाठी परळची वाट धरतायत. धुळे, नांदेड, थेट बिहार-झारखंडहून येतात. वॉर्डात दाखल असलेल्या पेशंटला आतून जेवण मिळतं. सोबत आलेल्याने आपलं आपण पाहायचं असतं. आणि खरं सांगू का, तपासण्या, औषधं, गाडीभाडं असा खर्च वाढला की माणूस पहिली काटकसर स्वतःच्या जेवणात करतो. दुपारी एक वडापाव, रात्री चहा-बिस्कीट. भूक म्हटली की आपल्याला दुष्काळातली चित्रं आठवतात. इथली भूक स्वच्छ शर्ट घालून, मांडीवर रिपोर्टांची फाइल धरून फुटपाथवर बसलेली असते. गाडगेबाबा सांगत आले ते हेच, की भुकेल्याला आधी अन्न. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटाला येणाऱ्या पेशंटांना आसरा देते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जेवढं नक्की जमेल तेवढंच कबूल कर, आणि कबूल केलेलं चुकवू नकोस. हे मी चुकून शिकले. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी आठवड्याचे चार वार अंगावर घेतले. तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली. एका गुरुवारी मी कुणाला न कळवता घरी पडून राहिले. मनात म्हटलं, एक दिवस नाही गेले तर काय बिघडतंय! पुढच्या खेपेला धुळ्याकडचे एक काका भेटले. आवाजात राग नव्हता. म्हणाले, "ताई, परवा आम्ही नऊपर्यंत थांबलो. मग म्हटलं, काही अडचण आली असेल." बघ, मी येणार म्हणून ते थांबले होते. मी मुळात कबूलच केलं नसतं, तर त्यांनी आठ वाजता दुसरीकडे कुठेतरी पोटाची सोय पाहिली असती. भूक रोज ठरल्या वेळेला लागते गं, म्हणून आपणही ठरल्या वेळेला हजर पाहिजे. म्हणून सांगते, एकच वार घे. आणि नाही जमलं तर दुपारी दोनच्या आत गटावर कळव. कुणीतरी सांभाळून घेतं. न कळवणं मात्र चालत नाही.

आता स्वयंपाकाकडे वळू. पोळी तू छान करतेस, पण डब्यात भरायची पद्धत वेगळी आहे. तव्यावरची पोळी तशीच स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलंस, तर वाफेचं पाणी होतं आणि खालच्या चार-पाच पोळ्या ओल्या गिच्च होतात. म्हणून सुती फडक्यावर पसर, वाफ जाऊ दे, मग तेलाचं बोट फिरवून तीन-तीनच्या घड्या घाल. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही हं. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही ते टाळायला सांगितलंय. कोरा कागद नाहीतर स्वच्छ फडकं घे. भाजी कोरडी असू दे. बटाट्याची पिवळी, चणाडाळ घातलेला कोबी, मटकीची सुकी उसळ. ओलं खोबरं, दही, पनीर या वाटेला जाऊ नकोस, हवा तापली की ते आधी नासतं.

तुझी मोठी भीती मला माहीत आहे. आपलं खाऊन कुणाला बाधलं तर? ही भीती चांगली आहे, ती जपून ठेव. माझ्याकडे ती नव्हती. एकदा रात्री साडेअकराला एका लग्नाच्या हॉलमधून फोन आला, पन्नास माणसांचा पुलाव उरलाय. मी हरखून गेले. दोन मोठी पातेली घट्ट झाकून घरी आणली आणि सकाळी वाटू म्हणून ओट्यावर ठेवून झोपले. सकाळी वरचा भात चांगला दिसत होता, पण मधे डाव घातला तर कोमट, चिकट आणि आंबूस. एक मैत्रीण म्हणाली, "खरपूस गरम करून देऊ, काही होत नाही." पण वास आल्यावर माझं मन धजेना. सगळा पुलाव टाकला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मागाहून कळलं की टाकला तेच बरोबर होतं. भातात काही जिवाणूंची बीजं शिजवल्यावरही टिकून राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा उकळून जात नाही. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम तरी पाहिजे, नाहीतर ५ अंशांच्या खाली गार. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि मे महिन्याच्या उकाड्यात तर एकच तास. खिचडी केलीस आणि ती लगेच जाणार नसेल, तर परातीत पसरून लवकर गार कर आणि फ्रिजमध्ये ठेव. पातेल्यात झाकून ठेवू नकोस. उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी २०१९ साली सरकारी नियमही झालेत. डब्यावर पदार्थाचं नाव, तो कुठून आला, शाकाहारी की मांसाहारी आणि कधीपर्यंत खायचा हे लिहायचं असतं. आपण घरच्या डब्यावरही चिकटपट्टी लावून वेळ लिहितो. आणि नियम लक्षात राहिले नाहीत तर एवढं लक्षात ठेव, लेकाच्या डब्यात जे घालणार नाहीस ते तिथे वाढायचं नाही. कुणी पेशंटसाठी मागितलं, तर डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय ते आधी विचार. केमोथेरपी चालू असेल तर बाहेरचं अन्न त्रासाचं ठरू शकतं.

वाटपाला स्वतः आलीस तर आधी रांग मोज. सत्तर पोळ्या आणि तीस माणसं असतील, तर प्रत्येकी दोन. उरलेल्या दहा दुसऱ्या फेरीत. एकदा पुढच्या काहींनी मागितल्या म्हणून मी सहा-सहा देत गेले आणि शेवटी सात जण रिकाम्या हाती राहिले. त्यातल्या एका बाईने काही न बोलता आपल्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं आणि तो पिशवीत ठेवला. त्या झाकणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी पहिली पोळी देत नाही.

बोलायचं काय, याचीही धास्ती असते ना तुला? घरी पाहुण्याला म्हणतेस तसंच म्हण. "या काका, जेवून घ्या. भाजी जरा तिखट आहे, चालेल ना?" एका आजींनी एकदा मला सुनावलं, "मीठ कमी पडलंय गं आज." मला इतकं बरं वाटलं! उपकार घेणारा माणूस मीठ कमी म्हणत नाही. हक्काच्या पानावर बसलेला म्हणतो. आणि फोटो काढायचा नाही. आमच्यातल्या एका नव्या मुलीने मोबाइल वर केला, तशी रांगेतल्या एका वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला. गावाकडे स्वतःच्या घरात दहा माणसांना वाढणारी बाई असेल ती. फोटो काढायचाच तर पोळ्यांच्या चवडीचा काढ.

पहिल्या दिवशी घरी गेल्यावर तुला जेवण जाणार नाही. आम्हा सगळ्यांचं तसंच झालं. पण उपाशी झोपू नकोस, त्याने तिथलं कुणी जेवत नाही. नवऱ्याशी बोल, रड, आणि दोन घास खा.

घरच्यांचं म्हणशील, तर सासूबाईंना नुसतं सांगू नकोस, त्यांना विचार. बसल्या जागी मेथी निवडायला दे, पोळ्या मोजायला दे. माझ्या सासूबाई आधी म्हणायच्या, "घरचं सोडून गावचं कशाला?" पुढे त्याच मंगळवारी सहा वाजता कणकेचा डबा काढून ठेवायला लागल्या. परळला जायचं तर दोघींनी मिळून. एकटीने रात्री जायचं नाही, हा माझा हुकूम समज. आणि स्वयंपाक नकोच असेल, तरी कामं पुष्कळ आहेत. दिल्लीत २०१४ साली सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी तर कुणाकडून पैसे घेतच नाही, लोकांचा वेळ मागते. मुंबईच्या डबेवाल्यांनीही उरलेलं अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवायला रोटी बँक काढली. कुणी फोन घेतं, कुणी डबे पोचवतं, कुणी हिशेब ठेवतं.

आणि एक काम तर खास तुझ्यासारखीचं, कागदपत्रांत हुशार असलेलीचं. आपल्या पोळीने एका रात्रीची भूक भागते, हक्काच्या धान्याने महिन्याची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली कार्डात नाव असलेल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गावचं कार्ड असलं तरी अंगठा लावून मुंबईतल्या रेशन दुकानात धान्य उचलता येतं. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. उपचारांसाठी सहा-सहा महिने इथे खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला ते केवढं मोठं आहे बघ! तसंच सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायकांचा अंगणवाडीतल्या आहारावर हक्क असतो. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या दर शंभरातल्या पस्तीसेक मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरते, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दिसलं. तेव्हा फुटपाथवर लहान मूल दिसलं, तर आईला जवळची अंगणवाडी दाखवून दे. पोळी वाढता वाढता विचारायचं फक्त, "वहिनी, रेशनकार्ड आहे का बरोबर?"

तर ठरलं. मंगळवारी साडेसहाला लॅपटॉप मिटायचा, साडेसातला पोळ्या तयार, पावणेआठला आमचा माणूस दारात येईल. पहिल्या खेपेला सगळ्या गोल झाल्या नाहीत तरी चालतील, वीस मात्र मोजून असू देत. तिकडे कुणीतरी आठ वाजता तुझ्या भरवशावर थांबलेलं असेल. आणि हो, वेळ वाचवायला म्हणून आदल्या रात्रीच कणीक मळून ठेवू नकोस. काळी पडते.