कुंपणाचा अडुळसा : लागवड आणि निगा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही वाटणी केली आहे. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूला हलक्या, मुरमाड आणि मध्यम प्रतीच्या जमिनी पुष्कळ. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी माती. जमीन कोणतीही असो, शेताचा धुरा मात्र दोन्हीकडे सारखाच उपेक्षित राहिला आहे. उन्हाळ्यात बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून धुऱ्यावर काट्यांचे कुंपण घालावयाचे, पावसाळ्यात ते कुजावयाचे, उरलेले वाळवीने खावयाचे आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कोयता हाती घ्यावयाचा, हा क्रम अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडला आहे. त्यात दरवर्षी मजुरी जाते आणि धुऱ्यावरची झाडेही ओरबाडली जातात. एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकणारे जिवंत कुंपण हा त्यावरील उपाय होय. आणि अशा कुंपणासाठी अडुळशासारखे कमी अपेक्षा ठेवणारे दुसरे झुडूप क्वचितच सापडेल.

अडुळशाचा हा गुण त्याच्या शास्त्रीय नावातच नोंदविला गेला आहे. लिनीअसने 1753 मध्ये या वनस्पतीला 'जस्टिसिया अधाटोडा' असे नाव दिले. त्यातील 'अधाटोडा' हा शब्द तमिळ भाषेतून आला असून, शेळी ज्याला तोंड लावीत नाही ते, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. पानांची कडू चव आणि उग्र वास जनावरांना मानवत नाही. ज्या गावात शेळ्या मोकळ्या सुटतात त्या गावात नवे रोप जगविणे किती कठीण असते, हे सामाजिक वनीकरणाच्या कामावर राबलेल्या कोणालाही विचारावे. तेथे अडुळशाला पिंजऱ्याची गरज पडत नाही.

तथापि, या कुंपणाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ज्ञानगंगा अभयारण्याच्या लगतच्या गावांत रोही आणि रानडुक्कर यांचा पिकांना होणारा उपद्रव मोठा आहे. रोही हा उंच जनावरांतला. छातीएवढ्या झुडुपांची रांग त्याला अडवीत नाही. अडुळशाला काटेही नाहीत. मोकाट शेळ्यामेंढ्यांना आणि वाटसरूंना आवर, धुऱ्याच्या मातीला धर आणि वाऱ्याला आडोसा, एवढेच काम ते चोख बजावते. ज्यांना रानडुकरांचा त्रास आहे त्यांनी अडुळशाच्या बाहेरच्या अंगाला सागरगोटा किंवा चिलार यांसारख्या काटेरी वेलींची जोड द्यावी.

अडुळसा ओळखणे अवघड नाही. झुडूप साधारणपणे दीड ते अडीच मीटर उंच, सदाहरित आणि दाट असते. पाने समोरासमोर, दोन्ही टोकांना निमुळती, हातभर नव्हे तरी वीतभर लांब. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांवर हिरव्या छदांनी गच्च भरलेले तुरे येतात आणि त्यांतून पांढरी, दोन ओठांची फुले बाहेर डोकावतात. खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेषा असतात. फुलाचा हा उघडा जबडा पाहूनच प्राचीनांनी अडुळशाला 'सिंहास्य' म्हटले असावे. शेतात इतरत्र रंग उरलेला नसतो अशा दिवसांत ही फुले येतात, मधमाश्यांचा त्यांवर राबता असतो, आणि खेड्यातील मुलांना त्यांच्या नळीतील मधाची चव चांगली ठाऊक असते. शाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीसमोर किंवा आरोग्य उपकेंद्राच्या कडेला दोन ओळी लावल्या, तर वेगळ्या शोभेच्या झाडांची उणीव भासणार नाही.

नावाच्या बाबतीत मात्र सावध असावे. बागेत लावतात तो 'काळा अडुळसा' ही त्याच कुळातील पण निराळी वनस्पती होय. तिची पाने अरुंद आणि खोडे काळसर-जांभळी असतात. दुसरा घोटाळा महारुखाचा. गुजरातीत अडुळशाला 'अरडूसी' आणि महारुख या उंच वृक्षाला 'अरडूसो' म्हणतात. या नामसाम्यामुळे बाजारात अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पाने मिसळलेली आढळतात. महारुखाचे पान संयुक्त असते, म्हणजे एका दांड्यावर अनेक पर्णिका असतात आणि त्यांच्या कडा दातेरी असतात. अडुळशाचे पान एकेरी आणि कडा जवळजवळ सपाट. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी फसगत टळते. रोपांसाठी काड्या आणावयाच्या त्या खात्रीच्या झाडावरूनच आणाव्यात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात, तसेच बुलढाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांत याविषयी विचारणा करता येईल. अभयारण्यातून काड्या किंवा पाने तोडून आणणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा ठरू शकतो, याचीही जाणीव असावी.

अडुळशाला बी फारसे धरत नाही. म्हणून लागवड काड्यांपासूनच करतात. काडी फार कोवळी नको, फार जुनाटही नको. हिरवेपणा जाऊन करडी झाक आलेली, बोटाएवढ्या जाडीची फांदी निवडावी आणि तिचे 15 ते 20 सेंटिमीटरचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालचा काप पेराच्या लगत तिरपा, वरचा सरळ. पाने काढून टाकावीत. ठेवलीच तर शेंड्याची दोन अर्धी कापून ठेवावीत. दोन पेरे मातीत जातील अशा बेताने काडी खोचून भोवतालची माती बोटांनी घट्ट दाबावी. माती सैल राहिली की काडीच्या बुडाशी हवा खेळते, काडी वाळते आणि दोष मात्र काडीला दिला जातो.

पहिल्या चांगल्या पावसानंतर काड्या थेट धुऱ्यावर लावण्याची पद्धत सोपी व स्वस्त आहे. परंतु या जिल्ह्यात मृग बरसून गेल्यावर पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारण्याचा अनुभव नवा नाही, आणि मुळे न फुटलेल्या काडीला तो खंड सोसवत नाही. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशव्यांत काड्या लावून, घराजवळच्या सावलीत, न्हाणीच्या सांडपाण्यावर त्या वाढवाव्यात. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात आणि जुलैपर्यंत रोप शेतात जाण्याजोगे होते. पिशवीत दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू भरावी. शंभर मीटरच्या धुऱ्यावर दोन ओळी घेऊन दोन रोपांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास सुमारे 335 रोपे लागतात. वाटेत मरणारी धरून चारशे काड्या लावाव्यात. दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध यावे, म्हणजे फटी राहत नाहीत.

हलक्या, मुरमाड जमिनीत धुऱ्यालगत फूटभर रुंद व तेवढाच खोल चर खणून त्यात शेणखत आणि माती भरावी व रोपे लावावीत. घाटाखालच्या भारी जमिनीत याच्या अगदी उलट करावयास हवे. तेथे विशेषतः खारपाणपट्ट्यातील मातीतून पाण्याचा निचरा होत नाही आणि अडुळसा सारे सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून चर न घेता मातीचा वरंबा चढवावा आणि त्याच्या माथ्यावर रोपे लावावीत. एकच पुस्तकी शिफारस साऱ्या जिल्ह्याला लावण्याने जी लागवड फसते, तिचे कारण बहुधा येथे सापडेल.

खरी निगा काय ती पहिल्या वर्षाची. पावसाळ्यात दोन वेळा रोपांभोवतीचे गवत काढावे. पाऊस संपताच बुडाशी सोयाबीनचे कुटार पसरावे, म्हणजे ओल टिकते. फेब्रुवारीपासून मेअखेर दहा-पंधरा दिवसांनी प्रत्येक रोपाला तांब्या-दोन तांबे पाणी मिळाले तरी पुरते. पहिला उन्हाळा ज्या रोपाने काढला त्याला पुढे सहसा पाणी लागत नाही. आता आणखी एक नवा धोका उत्पन्न झाला आहे. धुऱ्यावरचे गवत मारण्यासाठी तणनाशक फवारण्याची सवय वाढली असून, त्याचा झोत लागला की वर्षभर जपलेली ओळ आठवड्यात पिवळी पडते. अडुळशाच्या धुऱ्यावर विळाच चालवावा. रासायनिक खताची गरज नाही. कीडही किरकोळच पडते.

रोप गुडघाभर झाले की शेंडा खुडावा. मन धजत नाही, पण शेंडा राखला तर रोप काठीसारखे उंच जाते आणि खाली शेळी शिरेल एवढी वाट राहते. त्यानंतर दरवर्षी फुलोरा सरल्यावर, पावसाळ्यापूर्वी, कंबरेच्या उंचीवर छाटणी करावी.

आयुर्वेदात वासा किंवा वासक या नावाने अडुळसा खोकला, दमा आणि रक्तपित्त यांवर फार प्राचीन काळापासून सांगितला आहे. वासावलेह आणि वासारिष्ट ही त्याचीच सिद्ध औषधे. पान नुसते वाटले तर रस अगदी थोडा निघतो. म्हणून पाने वाफवून पिळण्याची रीत पडली, आणि वैद्यांच्या पुटपाकाचे मर्मही हेच आहे. 1888 मध्ये हूपर यांनी पानांतून 'व्हॅसिसीन' हे अल्कलॉइड वेगळे केले. याच द्रव्याच्या रचनेवरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ब्रोमहेक्झीन' हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. खोकल्याच्या अनेक औषधांच्या बाटल्यांवर आज ते नाव छापलेले असते. धुऱ्यावरच्या झुडुपाचा हा दूरचा वारस होय.

परंतु येथेच दोन गोष्टी स्पष्ट सांगावयास हव्यात. पहिली गर्भवतींविषयी. व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत झालेल्या आणि 1980 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. घरात गर्भवती असेल तर तिच्या खोकल्यावर अडुळशाचा काढा किंवा रस देऊ नये. "झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार" हा समज येथे घातक ठरू शकतो. लहान मुलांनाही मात्रा वैद्याने ठरविल्याखेरीज देऊ नये. दुसरी गोष्ट क्षयाविषयी. काढ्याने कफ सुटतो, बरे वाटते आणि रोगी दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीतून रक्त पडले, तर काढा बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. त्या उशिरात रोग्याचे तर नुकसान होतेच, शिवाय एकाच खोलीत निजणाऱ्या घरच्या माणसांनाही लागण होते.

पाने विकण्याचा विचार दुसऱ्या वर्षापासून करावा. अडुळशाच्या पानाला भाव बेताचा आणि माल आकाराने मोठा. त्यामुळे दूरच्या बाजारात नेल्यास वाहतूकच नफा खाते. सोयाबीन वा तुरीचे शेत मोडून अडुळसा लावा, असा सल्ला कोणी दिल्यास आधी खरेदीदार कोण, भाव काय आणि माल जागेवरून उचलणार काय, हे लेखी विचारावे. एका एकरात 60 सेंटिमीटर अंतराने अकरा हजारांवर रोपे बसतात, हा हिशेब कागदावर मोहक दिसतो. धुऱ्याचे तसे नाही. तेथील जागा पडीकच असते, छाटणी करावयाचीच असते आणि पाने आपसूक हाती येतात. न विकलेली पाने व कोवळे शेंडे शेणखताच्या खड्ड्यात टाकल्यास उत्तम कुजतात. काही घरांत साठवणीच्या धान्यात वाळलेला पाला घालण्याची जुनी रीत आहे.

विक्रीसाठी तोडावयाची पाने निबर, हिरवी आणि कोरडी असावीत. दव उडून गेल्यावरच तोडणी करावी आणि प्रत्येक झुडुपावर निदान तिसरा हिस्सा पाला राखावा. पाने जमिनीवर न पसरता बाजेवर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर, सावलीत, पातळ थराने पसरावीत आणि दिवसातून दोनदा हलवावीत. उन्हात वाळविली की हिरवा रंग जाऊन भाव उतरतो. ढीग लावला की आत ऊब धरून बुरशी येते आणि माल परत पाठविला जातो. पान मुठीत धरून आवळल्यावर करकर वाजून मोडले म्हणजे ते पुरते वाळले असे समजावे. ओल्या पाल्याचे वजन तोवर चौथाईच्या आसपास येते. सौदा करताना ओल्या मालाचा भाव चालला आहे की वाळलेल्याचा, हे प्रथम ठरवून घ्यावे.

छाटणीतून निघालेल्या काड्या फेकू नयेत. करड्या रंगाच्या, बोटभर जाडीच्या काड्या वेगळ्या काढून ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवल्यास दोन-तीन दिवस ताज्या राहतात आणि तेवढ्या अवधीत शेजारच्या शेतकऱ्याच्या पिशव्या भरून होतात.