गाडीच्या काचा : ऊब आणि आडोसा

प्रश्न : हिवाळ्यात नाणेघाटाकडे कॅम्पर व्हॅनमध्ये मुक्काम करायचा आहे. काचांना पडदे पुरतील का?

उत्तर : पडद्याने आडोसा मिळतो, ऊब नाही, पडद्यामागे हवा खेळत राहते आणि गार काचेतून उष्णता निसटते. म्हणून प्रत्येक काचेच्या मापाने चंदेरी थराचा फोम कापून आतून घट्ट बसवा. काळी फिल्म सोपी वाटेल. पण ती थंडी अडवत नाही, शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिला मनाई केली. फोमने कोंदटेल, ही शंका रास्त आहे, श्वासातली वाफही काचेवर साचते. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. नाणेघाट ज्यात येतो तो जुन्नर हा बिबट्यांचा तालुका, त्याहून जास्त उघडू नका. सकाळी फोम काढूनच गाडी हलवा.